मुऱ्हाळीची सुट्टी

सारंगखेडे,
ता. २० नोव्हेंबर १९३६

ती. सुकाभाऊस धनुचा नमस्कार.

भाऊबीज रविवारी झाली. तेव्हापासून राग गिळायचा प्रयत्न करतेय, पण तो घशातच अडकून बसलाय, म्हणून लिहायला घेतलं.

शनिवारीच माझं गाठोडं बांधून तयार होतं. आमच्या या घरची रीत तुला ठाऊक आहे. घरची लेक माहेरी आली की मगच सून सुटते. नणंदबाई, आमच्या सरलाबाई, शनिवारी तिन्हीसांजेला गाडीतून उतरल्या. त्यांना आणायला यांचा धाकटा भाऊ गेला होता. बैलांच्या गळ्यात घुंगूरमाळा काय, झुली काय, विचारू नकोस. म्हटलं, आता मला माहेरी न्यायला माझा मुऱ्हाळी येईल. रविवारी उन्हं डोक्यावर आली तरी मी ओसरीतून वाटेकडे बघतेय. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "धनु, कवय येई तुन्हा भाऊ?" दुसऱ्यांदा विचारताना त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, गंमत होती. संध्याकाळी मी चंद्राला ओवाळलं आणि गाठोडं सोडलं.

वडील होते तोवर असं कधी झालं नाही. आता वडिलांच्या जागी तूच आहेस. आणि मधेच एखाद्या आडवारी येऊन घेऊन जाईन असं म्हणू नकोस. आडवारी मुऱ्हाळी दारात आला की माहेरी कुणीतरी गेलं असंच इथे समजतात, आणि पाठवत तर नाहीतच. सणाला आलास तरच मी सुटते.

पुढच्या महिन्यात दत्ताची यात्रा आहे. सारंगखेड्याला घोडे बघायला पंजाबातून लोक येतात, तू खांडबाऱ्याहून यायला काय हरकत आहे? आणि भाऊबिजेला का आला नाहीस ते खरं काय ते लिही. मायची तब्येत बरी आहे ना?

तुझी,
धनु


खांडबारा,
ता. २५ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. धनुस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. खरं काय ते लिहितो.

स्टेशनाला लागून छगनशेठची लाकडाची वखार आहे, तिथे मला श्रावणात काम लागलं, हे तुला माहीत आहे. जंगलातून ओंडक्यांच्या गाड्या सोमवार, मंगळवार, बुधवार येतात, म्हणून मला त्या तीनच दिवसांवर ठेवलंय. तसा करार झालाय. मी ओंडके मोजून टिपतो, मालगाडीचे डबे भरून घेतो, आणि बुधवारी रात्री कोपर्लीला मायजवळ जातो. उरलेले दिवस शेतात. मुनीम, मोजणीदार आणि इतर कारकून कायमचे आहेत. त्यांना सगळ्या सणांच्या सुट्ट्या आहेत.

दिवाळीच्या आधी शेठनी बोलावून सांगितलं, "सणाला कायमवाले घरी जाणार. वखार एकटी टाकायची नाही. तू बस." मी म्हटलं, शेठ, शुक्रवार, रविवार हे माझे दिवस नाहीत. तर म्हणाले, "कायमवाल्यांना वर्षाचे दहा-बारा सण. तुला तर आठवड्यातून चार दिवस सणच आहे." सगळे हसले. मीही हसलो. हसलो नसतो तर बरं झालं असतं.

अशी ही लक्ष्मीपूजनापासून भाऊबिजेपर्यंतची हकिगत. पण धनु, यात एक चांगलंही आहे. इतकी मोठी वखार शेठ कुणाच्याही भरवशावर सोडत नाहीत. वर्षभर असाच टिकलास तर कायम करतो, असं त्यांनी स्वतः म्हटलंय. कायम झालो की सुट्ट्या माझ्या, मग प्रत्येक सणाला मी तुझ्या दारात. कोरडवाहू शेतावर माय आणि मी किती दिवस काढणार, तूच सांग.

यात्रेला नक्की येतो. घोडा घेणार नाही, नुसता बघेन.

तुझा,
सुकलाल


सारंगखेडे,
ता. १८ जानेवारी १९३७

ती. सुकाभाऊस नमस्कार.

यात्रा झाली. संक्रांतही झाली. घोडे आले, गेले. तू आला नाहीस, आणि का आला नाहीस ते मी आता विचारतही नाही. नाताळ म्हणून जंगल खात्याची कचेरी बंद, म्हणून कायमवाले घरी, म्हणून तू वखारीत. संक्रांत गुरुवारी, तेच पुन्हा. तुझं कार्ड न वाचता सांगता येतं.

आता एक गंमत ऐक, आणि रागावू नकोस. या घरात पत्र वाचता येतं ते मला एकटीला. यांना आकडे येतात, आबांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, तेही नाही. तुझं पत्र आलं की आबा पागोटं नीट करून माझ्यासमोर बसतात आणि मी मोठ्याने वाचते. भाऊबिजेच्या पत्रात तू जे लिहिलं होतंस ते मी कसं वाचणार? आठवड्यातून चार दिवस सण आणि सगळे हसले, हे सासूबाईंच्या पुढ्यात? मी वाचलं, "शेठ म्हणाले, सुकलाल, तू नसलास तर वखार चालायची नाही. सणासुदीला दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." मग आणखी थोडं घातलं. किल्ल्या तुझ्याजवळ असतात. साहेब लोक आले की तुलाच बोलावतात. बोलताना माझीच मला मजा वाटायला लागली.

त्याचा परिणाम असा झाला की आबा चावडीवर सांगत फिरतात, "आम्हना व्याहीना पोऱ्या शेठना उजवा हात शे." सासूबाईंनी विचारणं सोडलंय. मुऱ्हाळी मोठा माणूस आहे, तो कसा येणार, असं आता उलट त्याच मला समजावतात. मी माझ्याच हाताने स्वतःची वाट बंद केली, असं रात्री वाटत राहतं.

घरी सगळं ठीक. थंडीत अंग दुखतं एवढंच. मला तिळगूळ पाठवू नकोस, तूच ये. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आला नाहीस तर मात्र मी तुझं पत्र जसंच्या तसं वाचीन, बघ.

तुझी,
धनु


खांडबारा,
ता. २९ मार्च १९३७

चि. सौ. धनुस आशीर्वाद.

दोन महिने तुझं पत्र खिशात घेऊन हिंडलो. काय उत्तर द्यावं कळेना. तू असं खोटं वाचायला नको होतंस. मी उजवा हात नाही, डावाही नाही. पण आता वाचून झालंय, तर हे पत्रही तूच जुळवून घे.

होळी शुक्रवारी झाली. या वेळी मी ठरवलं होतं की निदान मायजवळ जाईन. वखारीचा रात्रीचा राखणदार चैत्या आहे, सातपुड्यातला, अक्राणीकडचा. होळीच्या आठवड्यात तो शेठच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, होळी आली. आम्ही जातो." शेठ म्हणाले, सुट्टी कुणी दिली? चैत्याला तो प्रश्नच समजला नाही. म्हणाला, "होळी देते." आणि गेला. धनुष्य, कमरेला बांधायचे घुंगरू, मोरपिसांचा टोप, सगळं त्याने वखारीतच लपवून ठेवलं होतं, ते घेऊन गेला. शेठ मागून ओरडत राहिले, कामावरून काढतो म्हणून. काल तो परत आला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्याला कुणी काढलं नाही, कारण साप-विंचवात त्या वखारीत रात्रभर दुसरं कुणी राहणार नाही.

तो गेला म्हणून त्याचं कामही माझ्याकडे आलं. या दिवसांत लाकूड कडक वाळलेलं असतं, आणि शेजारून जाणाऱ्या इंजिनातून ठिणग्या उडतात. प्रत्येक गाडीला बादल्या घेऊन उभं राहावं लागतं. गावात होळी पेटली तेव्हा मी वखारीत आग लागू नये म्हणून जागत होतो. मुनिमांना नंतर विचारलं, करारात तीन दिवस लिहिलेत ना? ते म्हणाले, "तीन दिवस काम करायचं असं लिहिलंय. बाकीच्या दिवशी करायचं नाही असं कुठे लिहिलंय?" मी बादली उचलून चालता झालो. आता रोज नवीन उत्तर सुचतं, पण विचारणारा कुणी नाही.

आखाजीला येतो. मायची शपथ घालून लिहितो.

तुझा,
सुकलाल


सारंगखेडे,
ता. २० एप्रिल १९३७

ती. सुकाभाऊस नमस्कार.

घाईत लिहितेय, टपाल निघायची वेळ झाली. आबा तुझ्याकडे यायला निघणार आहेत.

घराला नवी पडवी काढायची आहे, तिला सागाची तुळई हवी. आबा म्हणाले, व्याह्यांच्या पोराच्या हातात आख्खी वखार असताना आपण बाजारात का जायचं? मी म्हटलं, पत्र घालते, तो पाठवून देईल. तर म्हणाले, "त्याले आखाजीनं आवतन बी दिसू, वखार बी दखसू." दोंडाईच्याहून शुक्रवारच्या गाडीने बसतील. शनिवारी महावीर जयंती आहे, म्हणजे शेठकडे सुट्टी, म्हणजे तू नक्की वखारीत सापडशील, हे त्यांना मीच सांगून बसले. जीभ कापून टाकावीशी वाटली.

भाऊ, त्या दिवशी धुतलेलं धोतर नेस. टोपी घाल. कुठल्या तरी टेबलाशी बस. किल्ल्यांचा जुडगा मिळाला तर जवळ ठेव. हसू नकोस, मला इथे राहायचंय.

हे पत्र आधी पोचू दे, एवढंच मागणं आहे.

धनु


खांडबारा,
ता. २६ एप्रिल १९३७

चि. सौ. धनुस आशीर्वाद.

तुझं पत्र मला आज सकाळी मिळालं. आबा शनिवारी येऊन गेले.

शेठ जैन आहेत, जयंतीला त्यांच्या बंगल्यावर पाहुणे होते. पखालवाला आला नव्हता. सकाळपासून मी वखारीच्या विहिरीवरून बंगल्यावर पाणी वाहत होतो. खांद्यावर हंडा, अंगात फक्त बंडी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. शेठचा मुलगा गच्चीवरून ओरडला, "अरे तीनवाल्या, मागच्या दाराने आण, पुढे सांडलंस." मला इथे सगळे तीनवाल्याच म्हणतात. हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. मागे वळलो तर फाटकात आबा उभे. पांढरं पागोटं, नवं उपरणं, हातात आंब्यांची टोपली. सगळं त्यांनी ऐकलं होतं.

मी हंडा ठेवून पाया पडलो. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "हाई काम करासाठे तू भाऊबीजले वना नही?" मी हो म्हटलं. खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. ते जाऊन ओंडक्यावर बसले. मी दोन खेपा करून आलो तरी तिथेच. मग म्हणाले, "पोऱ्या गया तवय बी तू वना नही. आम्हले वाटनं, आम्हना घर पोऱ्या वाचना नही म्हणीसन तू राग धरी बसना."

धनु, कुठला पोऱ्या? मी त्यांना हेच विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उभ्या उभ्या मेलो. आश्विनात तू बाळंत झालीस, सातव्याच महिन्यात, मुलगा झाला आणि गेला. हे त्यांनी मला सांगितलं. वखारीत. मी सख्खा भाऊ, आणि मला तुझ्या सासऱ्यांकडून कळतंय. म्हणजे भाऊबिजेला तू गाठोडं बांधून बसली होतीस ती हे सगळं पोटात घेऊन, आणि मी तुला लिहितोय की घोडा घेणार नाही, नुसता बघेन.

मला का नाही कळवलंस? मी परका झालो का? मायला हे सांगू की नको?

आबांनी तुळईचं नावही काढलं नाही. जाताना फक्त म्हणाले, "पाणी सांडू नको." आंबे ठेवून गेले.

सुकलाल


सारंगखेडे,
ता. १ मे १९३७

ती. सुकाभाऊस नमस्कार.

कळवणार होते. सातवा लागला की मायला निरोप पाठवू, मग ओटी भरून बाळंतपणाला माहेरी नेतील, असं ठरलं होतं. तोवर कुणाला सांगायचं नाही, इथे तशीच पद्धत आहे. पण सातव्यातच सगळं उरकलं. मागच्या अंगणाकडे एक खोली आहे, भुसा ठेवायची, तिथे. सुईण आली ती चिडलेली, तिला दुसरीकडे जायचं होतं. त्यानंतर पत्रात काय लिहू? बाळ गेलं, ये? मी ठरवलं की भाऊबिजेला तू येशील, मायजवळ जाईन आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून सांगेन. तू आला नाहीस. मग दर सणाला तेच ठरवत गेले. मायला मीच सांगणार. तू सांगू नकोस.

आबा परत आले तेव्हा मी दारामागे उभी होते. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतो सुकलाल, तुळई देतो ना? आबा पाय धूत म्हणाले, "त्याना वर लई जबाबदारी शे. आणि साग महाग शे. बाभूळच बरी." माझ्याकडे बघितलं नाही. चावडीवर अजूनही तेच सांगतात, उजवा हात. मी खोटं वाचलं होतं, ते आता त्यांनी आपलं केलंय. मला त्यांच्यासमोर ताट वाढताना मान वर करता येत नाही.

आता नीट वाच. मला पुन्हा दिवस गेलेत. तिसरा लागलाय. आखाजीला तू मला न्यायला आलास आणि मायला कळलं की ती मला बाळंतपण होईपर्यंत परत पाठवणार नाही, तेवढी ती खंबीर आहे. पण सासूबाई म्हणाल्या आहेत की या आखाजीलाही माहेरचं कुणी आलं नाही, तर आम्ही समजू त्यांना लेक जड झालीय, मग बाळंतपण इथेच होईल. इथे म्हणजे त्याच खोलीत. भाऊ, मला त्या खोलीत पुन्हा जायचं नाही. तिच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मी लांबून वळसा घालते. मला भीती वाटते, उघड सांगते, मी मरेन असं वाटतं.

सरलाबाई बुधवारी येणार. त्या आल्या की मी सुटते. आखाजी गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी किंवा गुरुवारी सकाळी, याशिवाय दुसरी वेळ नाही.

धनु


कोपर्ली,
ता. ७ मे १९३७

चि. सौ. धनुस आशीर्वाद.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय, आधीची दोन फाडली.

विलायतेत नवा राजा गादीवर बसणार म्हणून येत्या बुधवारी सरकारी सुट्टी आहे. गुरुवारी आखाजी. कायमवाले मंगळवारीच घरी जाणार. शेठनी मला दोन्ही दिवस सांगितलेत. बुधवारी कारण तो माझा दिवस आहे आणि करारात सुट्टी नाही. गुरुवारी कारण तो माझा दिवस नाही आणि करारात तसं कुठे लिहिलेलं नाही. दोन्हीकडून मीच.

मी पाया पडलो. बहिणीला आणायचंय, तिचं तसं आहे, असंही सांगितलं. शेठ म्हणाले, आषाढात तुला कायम करायचं मी मनात धरलंय, आणि तू आत्ताच पाय काढतोस? गुरुवारी नसशील तर सोमवारीही येऊ नकोस. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, अगदी प्रेमाने बोलले. म्हणूनच जास्त भीती वाटली.

काल घरी आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. बांधावर जातो, परत येतो. नोकरी गेली तर तुझ्या बाळंतपणाला घरात काय आणू, हा विचार येतो. तू त्या खोलीत असशील तर ती नोकरी घेऊन काय करू, हाही येतो. दोन्ही खरे वाटतात. मायला फक्त एवढंच सांगितलं की आखाजीला मला जाता येणार नाही, धनुला आणता येणार नाही. ती खाटेवर शेवया वाळत घालत होती. म्हणाली, "आखाजी कोणता वारले शे?" मी सांगितलं, गुरुवार. तिने मान हलवली आणि शेवया पसरत राहिली. रडली असती, बोलली असती, तर मला सोपं गेलं असतं.

मी येऊ शकत नाही धनु. लिहिलं एकदाचं. हे पत्र आबांना काय वाटेल ते वाचून दाखव.

सुकलाल


कोपर्ली,
ता. १३ मे १९३७, आखाजी

ती. सुकाभाऊस नमस्कार.

वर गावाचं नाव वाचून गोंधळू नकोस. मी घरी आहे. आपल्या घरी.

काल बुधवारी दुपारी सरलाबाई आल्या. घरात हसणं-खिदळणं चाललेलं. मी चुलीशी होते. कुणाची वाट बघायची नाही असं ठरवलं होतं, तरी गाडीचा आवाज आला की मान वळायची. आणि दारात माय. एकटी. गावातल्या कुणाच्या तरी गाडीतून तापीपर्यंत आली, गाडीवाल्याला पुढे जायचं नव्हतं म्हणून तिथून उतरली, नदीला पाणी कमी होतं तेवढ्यातून लुगडं सावरत चालत आली. पदर ओला, डोक्यावर सांजोऱ्यांची टोपली. ती ओसरीत बायकांकडे आली नाही. बाहेर ओट्यावर, जिथे मुऱ्हाळी बसतो तिथे, जाऊन बसली आणि म्हणाली, "मन्ही पोर तयार करा."

सगळं घर बाहेर आलं. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणूस कधी मुऱ्हाई व्हस का? घरमा गडीमाणूस नही का?"

माय म्हणाली, "धनीले देव लई गया. पोऱ्याले शेठ लई गया. आते मुऱ्हाई मीच."

तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव सांगावा तसा.  मग आबा उठले. "सून सोडा," म्हणाले, आणि स्वतः जाऊन आपली बैलगाडी जुंपली. नदीपार, थेट कोपर्लीपर्यंत त्यांनीच आणून सोडलं. सासरा सुनेला माहेरी पोचवतो, वाटेत लोक थांबून बघत होते. आबा बैल हाकत राहिले. आपल्या घरी पाणीसुद्धा प्यायले नाहीत, बाप लेकीच्या घरचं पाणी पितो का म्हणाले, आणि गाडी वळवली. आता मी त्यांची लेक झाले, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, त्यांच्याही ध्यानात आलं नसेल.

रात्री मी मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला शेवया घालताना तुझ्या तोंडावरूनच कळलं होतं की काहीतरी मोठं आहे. बाळंतपण इथेच होणार.

आज निंबाला झोके बांधलेत. मुली गातायत. मी बसले नाही, माय बसू देत नाही. मायने ओट्यावर जे म्हटलं ते मी तुला मुद्दाम लिहिलंय. ते तुला टोचेल. पण तिने ते चिडून म्हटलं नव्हतं भाऊ. तिला ते खरंच वाटतं.

धनु


खांडबारा स्टेशन,
ता. १३ मे १९३७, संध्याकाळ

चि. सौ. धनुस आशीर्वाद.

हे सारंगखेड्याच्या पत्त्यावर घालतोय. हे आधी पोचतं की मी, माहीत नाही.

काल आणि आज वखारीत एकही ओंडका आला नाही. एक डबा भरला नाही. जंगलाच्या वाटेवर एक गाडी नाही. कालच्या राजाच्या सणाच्या कागदी पताका कुंपणावर फडफडत होत्या, मी त्या बघत बसलो होतो. मी कशासाठी बसलोय, हे दिवसभर कुणी विचारलं नाही.

दुपारी शेठनी बोलावलं. स्टेशनावर जा, सामान उतरवायचंय. सुरतेहून गाडी आली. डब्यातून शेठचा मुलगा उतरला, मागून त्याची बहीण, कडेवर मूल. तो स्वतः तिला आणायला गेला होता. मी ट्रंक डोक्यावर घेतली आणि त्या दोघांच्या मागून चालत बंगल्यावर गेलो. ती भावाला विचारत होती, "कंटाळलास का रे प्रवासात?" तो म्हणाला, "बहिणीला आणायचं म्हटल्यावर कंटाळा कसला?" पोरगा वाईट नाही, खरंच मनापासून बोलला. मला मात्र ट्रंकेखाली रडू यायला लागलं. मी डोकं वर करू शकत नव्हतो, म्हणून कुणाला दिसलं नाही.

ट्रंक उतरवून मी वखारीत आलो. चैत्या लवकर येऊन बसला होता. त्याला म्हटलं, मी जातो. तो म्हणाला, "जा. आज तुझी होळी." वखारीची किल्ली घेऊन मी बंगल्यावर गेलो. शेठ पाटावर बसले होते, आमरस वाढणं चाललेलं. मी मागच्या दाराने नाही गेलो. किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "आज गुरुवार आहे शेठ. मी सोमवारी येईन." ते हसले. त्यांना वाटलं थट्टा करतोय. मी फाटकाबाहेर पडलो तेव्हा हाका सुरू झाल्या. नोकरीचं काय होईल ते सोमवारी बघू. 

रात्रीच्या गाडीने दोंडाईच्याला उतरतो, पहाटे चालत निघेन. सण उलटला म्हणून सासूबाई तुला पाठवायच्या नाहीत, ते मला ठाऊक आहे. हरकत नाही. मी दारात बसून राहीन. आबांना सांग, मुऱ्हाळीला घाई नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस त्याचेच आहेत.

तुझा,
सुकलाल